रानवाने धरलेला फेर

रानवाने लग्नाची बातमी दिली ती हातातली सुरी खाली न ठेवता. मासे कापायच्या पट्ट्यावर ती माझ्या डाव्या हाताला उभी असते, गेली कितीतरी वर्षं. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या फॅक्टरीत गुपित म्हणून काही राहत नाही. ती ओरडली, "मालान, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी काही ठरवू नकोस. माझं लग्न आहे."

मी विचारलं, "कुणाशी?"

या एका प्रश्नाबद्दल पट्ट्यावरच्या बायकांनी मला महिनाभर सोडलं नाही. कुणाशी म्हणजे काय? आर्मगारशी. आमच्या टिंदाविक गावातल्या कुत्र्यामेंढ्यांनाही ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कुणीतरी ते माशांच्या ढिगावरून ओरडून सांगणं वेगळं. माझ्या हातातला मासा निसटून तसाच अख्खा पुढे गेला आणि मुकादम माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिला. बघ म्हटलं, खुशाल बघ. मला इतका आनंद झाला होता की जेवणाच्या सुटीत मी डबा उघडायचाच विसरले, आणि जेवण विसरणाऱ्यांतली मी नाही.

आमची रानवा म्हणजे बुटकी, रुंद खांद्यांची, साठी ओलांडलेली बाई. बारा महिने एकच करडा स्वेटर, कोपरावर दुसऱ्याच लोकरीचं ठिगळ. हसली की आधी खांदे हलतात आणि आवाज मागून येतो. चिडली की गप्प होते, आणि ती गप्प झाली की अख्ख्या पट्ट्याला हुडहुडी भरते.

आर्मगार आमच्या गावात आली ती पोस्टातल्या नोकरीवर, उत्तरेकडच्या बेटावरून. उंच, बारीक, कमी बोलणारी. रानवाच्या घराची वरची खोली तिने भाड्याने घेतली. पहिल्याच हिवाळ्यात त्या खोलीतली ऊब देणारी शेगडी बिघडली, आर्मगार खाली रानवाकडे झोपायला आली, आणि ती शेगडी आजतागायत दुरुस्त झालेली नाही. त्या बिघडलेल्या शेगडीवर एक अक्षर न बोलता गावाने तीस वर्षं काढली. आर्मगारचा विषय निघाला की लोक तिला 'रानवाकडची भाडेकरू' म्हणायचे. नाताळची भेटकार्डंसुद्धा तशीच यायची, रानवाला आणि तिच्या भाडेकरूला शुभेच्छा.

आमच्या गावाची ही रीतच आहे. जे दिसतं त्याला नाव द्यायचं नाही. नाव दिलं नाही की गावाला काही करावं लागत नाही, आणि ज्याचं दुखतं त्याला काही मागता येत नाही. काही लोक याला चांगुलपणा म्हणतात. त्यांना एकदा रानवाबरोबर इस्पितळात पाठवायला हवं होतं.

आर्मगारच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हाची गोष्ट. शहरातल्या इस्पितळात नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? रानवाच्या तोंडून निघालं, घरमालकीण. मग काय, घरमालकिणीला कोण आत सोडणार? ती बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसून राहिली. दुपारी आर्मगारचा भाऊ आला. घरात प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, झोपताना प्रार्थना अशा कडक घराण्यातला माणूस, बहिणीशी वर्षानुवर्षं बोलला नव्हता. त्याला थेट आत नेलं. तो खाटेपाशी जेमतेम उभा राहिला आणि टोपी घालून निघून गेला. हे सगळं रानवाने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना एका माशाचे तिने इतके तुकडे केले की तो मांजरालाच टाकावा लागला.

म्हणून जेव्हा आमच्याकडे तो कायदा झाला, दोन बायकांनाही लग्न करता येईल असा, तेव्हा गावात बाकी कुणाला नसेल पण मला वाटलंच होतं की ही बाई स्वस्थ बसणार नाही. तिला काय हवं होतं ते तिने मला एका वाक्यात सांगितलं: पुढच्या वेळी कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर उत्तर देताना माझी जीभ अडखळता कामा नये.

आता अडचण कुठे होती ते सांगते. कागदावर लग्न लावणं सोपं. पंचायतीच्या कचेरीत जायचं, सही करायची, कॉफी प्यायची. पण टिंदाविकमध्ये कागदाने लग्न होत नाही. इथे गावाच्या हॉलमध्ये फेर धरला, नवरीचं गाणं पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत झालं, की मग लग्न झालं. आमच्याकडे फेराला वाद्य नसतं. हातात हात, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि लाकडी जमिनीवर पायांचा दणका. म्होरक्या कडवं उचलतो, बाकीचे त्याच्यामागून गातात. म्होरक्या नसेल तर फेर नाही. आणि गावाचा म्होरक्या होता हायनी, रानवाचा सख्खा धाकटा भाऊ.

या म्होरकेपणाची गंमत मी सांगितलीच पाहिजे, कारण त्याच्यावर मी आयुष्यभर चरफडत आलेय. यांचा बाप गावाचा जुना म्होरक्या. हिवाळ्यात होडीघरात बसून जाळी दुरुस्त करता करता तो हायनीला गाणी शिकवायचा. रानवा तिथेच लोकर पिंजत बसलेली असायची, कारण लोकर पिंजणं तिचं काम आणि गाणं शिकणं भावाचं. हायनीने चाल उचलली. कडवी सगळी रानवाने उचलली. बाप गेल्यावर म्होरक्या कोण, हा प्रश्न कुणाला पडलाही नाही. हायनीचा आवाज म्हणजे धुक्यातला भोंगा, शिवाय तो पुरुष. झालं. फक्त प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द त्याला आठवायचा नाही. मग रानवा त्याच्या उजव्या हाताला उभी राहून तेवढा एक शब्द कानात सांगायची, आणि भोंगा वाजायला लागायचा. चाळीस वर्षं हे असंच चाललं. शाबासकी भोंग्याला.

एकदा राजधानीतून रेडिओची माणसं गाणी टिपायला आली. मध्ये कुजबुज ऐकू येते म्हणून त्यांनी रानवाला बाजूला उभं केलं. तिसऱ्या कडव्याला हायनी अडला तो अडलाच. शेवटी त्या मंडळींनी तिला परत बोलावलं आणि सांगितलं, बाई, जरा हळू कुजबुजा. तिच्या जागी मी असते तर त्यांचा मायक्रोफोन समुद्रात गेला असता. रानवा हळू कुजबुजली.

लग्न ठरल्यावर तिने मला भावाकडे सोबत नेलं. म्हणाली, चल, मी काही वेडंवाकडं बोलायला लागले तर माझ्या तोंडावर हात ठेव. हायनी होडीघरात दोराला गाठ मारत बसला होता. तिने आडपडदा ठेवला नाही.

"हायनी, नवरीचं गाणं तू उचलणार ना?"

त्याने गाठीवरची नजर काढली नाही. "हे बघ रानवा, मला तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही."

"तेच तर विचारायला आलेय. म्हण काहीतरी."

"लग्न कर की. तुला कोण अडवतंय? पण पाद्री नसतो त्या रविवारी चर्चमध्ये प्रवचन वाचायला मी उभा राहतो. शनिवारी हॉलमध्ये तुमच्यासाठी पुढे झालो, तर रविवारी लोक माझ्याकडे कसे बघतील?"

"आणि मी तुझ्याकडे कशी बघेन?"

त्याने गाठ आणखी आवळली. मग हळूच म्हणाला, "गाण्यात नवरा आहे, रानवा. तुमच्यात नवरा कोण?"

"गाण्यात बोकडही आहे. तुझ्या लग्नात तो कोण होता, असं कुणी विचारलं का तुला?"

मला हसू आवरेना. तोंडावर हात ठेवायला मी गेले होते, तो मला स्वतःच्याच तोंडावर ठेवावा लागला. हायनीचे कान लाल झाले. त्याने दोर उचलला, आमच्याकडे पाठ केली आणि सांगितलं की तो गाणंही उचलणार नाही आणि लग्नालाही येणार नाही. बहिणीने बोकडाचं नाव काढलं नसतं तरी तो हेच म्हणाला असता, याची मला खात्री आहे. रानवा मात्र परतीच्या वाटेवर आपलं बोकडाचं वाक्य चघळत होती. तिला रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. गावातले बाकीचे आले नाहीत तर तिला चालणार होतं. हायनी यायला हवा होता. तो लहान असताना तिने त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढवला होता, ते मी पाहिलेलं आहे.

मेंढवाड्याच्या भिंतीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "मीच उचलते."

मला वाटलं, काहीतरी जड उचलायचं म्हणतेय. तिने पुन्हा सांगितलं. गाणं. नवरीचं गाणं. स्वतःच्या लग्नात, स्वतः पुढे होऊन. आमच्या हॉलमध्ये बाईने कधी कडवं उचललेलं नाही, आणि इथे तर नवरीच उचलणार. मी त्या भिंतीवर बसून टाळ्या पिटल्या. दोन मेंढ्या घाबरून पळाल्या.

गावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. दुकानात, बंदरावर, चर्चच्या पायरीवर तोच विषय. गंमत बघा, दोन बायकांच्या लग्नाबद्दल तोंड उघडायला लोकांना लाज वाटत होती, पण बाईने गाणं उचलावं की नाही यावर प्रत्येकाला मत होतं. बाईच्या आवाजाला जमीन जुमानत नाही म्हणे. बाईच्या मागून पुरुष गायला लागले तर ताल जातो म्हणे. म्हातारा तुम्मास तर म्हणाला की त्याच्या गुडघ्यांना पुरुषी आवाजाची सवय आहे. मी त्याला सांगितलं, तुझ्या गुडघ्यांना कुठल्याच आवाजाने फरक पडत नाही, वीस वर्षं मी बघतेय.

दुसरी अडचण घरातच होती. आर्मगारने जन्मात फेर धरलेला नव्हता. तिच्या माहेरी नाच म्हणजे पाप, त्यामुळे लहानपणी प्रश्नच आला नाही. आमच्या गावात आल्यावर ती दर वेळी हॉलमध्ये यायची, भिंतीकडच्या बाकावर सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन बसायची आणि फेर बघायची. मी तिला एकदा म्हटलं होतं, अगं ये की, फेरात कुणीही कुणाचाही हात धरतं, तुझ्याकडे कोण लक्ष देतंय? ती म्हणाली, "मालान, सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला तर माझ्या तोंडावर काय दिसेल ते मला माहीत आहे." मग ती पुन्हा कोट सावरत बसली.

आता मात्र नवरीने बाकावर बसून चालणार नव्हतं. जुलैभर त्यांच्या स्वयंपाकघरातून धपधप आवाज यायचा. एकदा मी मुरंबा द्यायच्या निमित्ताने गेले आणि खिडकीतून बघितलं. दोघींचा फेर होत नाही, म्हणून त्यांनी मध्ये दोन खुर्च्या घेतल्या होत्या, एकेका हातात खुर्चीचा एकेक कान, आणि चौघांचा फेर टेबलाभोवती चालला होता. आर्मगार उजवीकडे जायच्या वेळी डावीकडे जात होती आणि खुर्ची तिच्या नडगीवर आपटत होती. मी मुरंबा पायरीवर ठेवून आले. घरी पोचेपर्यंत हसत होते आणि डोळेही पुसत होते.

लग्नाचा दिवस उजाडला तो धुक्यात. मी पहाटेपासून हॉलमध्ये. फॅक्टरीच्या सगळ्या बायका हाताशी होत्या. वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचे पातळ काप, उकडलेले बटाटे, रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याचे केक, कॉफीची पिंपं. कचेरीतला विधी चुटकीसरशी आटपला. पंचायतीच्या प्रमुखाचं वाक्य पुरं व्हायच्या आत रानवा हो म्हणाली, मग त्याने गडबडून पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि तिने पुन्हा मध्येच हो म्हटलं. आर्मगारने मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला, एक श्वास घेतला आणि पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तसं स्पष्ट सांगितलं, "होय."

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो हॉलपायी. येणार कोण? टेबलं मांडून आम्ही दाराकडे बघत बसलो. आधी फॅक्टरीची मंडळी आली. मग शाळेची बाई आली, तिच्यामागून बंदरावरची पोरं आली. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांतलं एकही कुटुंब आलं नाही. आर्मगारच्या माहेरचं कुणी नव्हतं. हायनी नव्हता, त्याच्या घरातलं कुणी नव्हतं. तरी अर्धा हॉल भरला, आणि मी इतकी हरखले की एकाच माणसाला दोनदा कॉफी वाढली.

जेवणानंतर आमच्या रिवाजाप्रमाणे मेंढ्याचं शेपूट फिरायला लागलं. शिजवलेलं शेपटाचं हाड, त्याला रंगीत फिती बांधलेल्या. ते ज्याच्या हातात येईल त्याने नवरानवरीची खोड काढणारं एक कडवं तिथल्या तिथे रचून म्हणायचं आणि हाड पुढे द्यायचं. सगळ्यांनी जपून जपून म्हटलं. समुद्र शांत असो, मेंढ्या सुखी असोत, असलं काहीतरी. खोड काढायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खोड न काढलेलं लग्न म्हणजे परक्यांचं लग्न. मग हाड तुम्मासच्या हातात आलं. तो गुडघे सावरत उभा राहिला, हाड वर धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला:

"तीस वर्षं भाडेकरू, भाडं कुणी मागेना,
आज आम्हां कळलं बाई, खोली का ती सोडेना!"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते तोंडाने बोललं होतं, आणि तेही सगळ्या गावासमोर, मेंढ्याचं शेपूट हातात धरून. मग आर्मगार हसली. ती कधी मोठ्याने हसत नाही. त्या दिवशी ती टेबलावर डोकं टेकून, पोट धरून हसली आणि मान वर करून म्हणाली, "तुम्मास, शेगडी बिघडली होती हो." मग काय विचारता. लोक टेबलं बडवायला लागले. पुढच्या प्रत्येकाने अशी काही कडवी रचली की ती मला इथे लिहिता येणार नाहीत. मी तुम्मासला त्याच्या टकलावर मुका दिला.

आणि मग टेबलं भिंतीला लागली. फेर धरायची वेळ झाली.

आम्ही हात धरले. रानवाच्या उजव्या हातात आर्मगारचा हात, डाव्या हातात माझा. आर्मगारला तोंडावर जे दिसायची भीती होती ते सगळं दिसत होतं, आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं, इतकी ती सुखी होती. पाय सुरू झाले. डावीकडे दोन, उजवीकडे एक. जमीन बोलायला लागली. रानवाने श्वास घेतला आणि पहिला शब्द म्हणाली, "पहाटे..."

आणि थांबली.

पाय चालू आहेत, दणका चालू आहे, आणि गाणं नाही. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. चाळीस वर्षं तिने पहिला शब्द सांगायचा आणि थांबायचं, पुढचं भावाने म्हणायचं. तिच्या जिभेला तेवढंच वळण होतं. ती हायनीच्या आवाजाची वाट बघत होती. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण तिचे खांदे हलले, मागून हसू आलं आणि त्या हसण्यावरूनच ती पुढे गेली. पहाटे नवरी होडीत चढली. तिचा आवाज हायनीसारखा भोंगा नव्हता. जाडसर, जरा खरखरीत, पण शब्दन् शब्द लख्ख. दुसऱ्या कडव्याला लोक मागून यायला लागले. शिडाचं कडवं आलं, वाऱ्याने शीड भरलं, होडी खाडीतून बाहेर पडली, आणि बंदरावरच्या पोरांनी असे पाय आपटले की कॉफीची पिंपं खणखणली. बाईच्या आवाजाला जमीन जुमानत नाही म्हणे! मी गात होते, ओरडत होते, काय करत होते मला माहीत नाही.

पुढचं कडवं किनाऱ्याचं. होडी लागते तेव्हा नवरीला घ्यायला किनाऱ्यावर कुणीच नसतं, असं ते कडवं आहे. रानवा म्हणाली, "किनाऱ्यावर..." आणि पुन्हा थांबली. या खेपेला सवयीने नाही. तिची नजर दाराकडे गेली होती आणि माझ्या हातातला तिचा हात एकदम सैल पडला. दार बंद होतं. तिथे कुणी नव्हतं. पाय चालत राहिले. मी ते कडवं हजारदा ऐकलं असेल, पण त्या क्षणी मला त्यातलं एक अक्षर आठवेना.

तेवढ्यात आर्मगार गायला लागली. बेसूर, अतिशय बेसूर, कारण तिला कुणी कधी गाऊच दिलं नव्हतं. पण तिने कडवं पुरं म्हटलं, एकही शब्द न गाळता. भिंतीकडच्या बाकावर कोट सांभाळत बसलेल्या बाईला सगळं गाणं पाठ होतं. रानवाने तिच्याकडे मान वळवून बघितलं. तिचा हात पुन्हा घट्ट झाला आणि पुढचं कडवं तिने असं उचललं की छताची धूळ पडावी. उंबरठ्याचं कडवं. मग चुलीचं. नवरी घरात आली, तिने विस्तव फुंकला, सासरच्यांना जाग आली. अख्खा हॉल तिच्यामागून गात होता, पुरुष, बायका, तुम्मासचे गुडघेसुद्धा.

आणि दार उघडलं. गार वारा आत आला आणि वाऱ्याबरोबर हायनी. लग्नाचे कपडे नव्हते. कामाचा स्वेटर, पायात बूट, डोक्यावर धुक्याचं पाणी. बाहेर तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तो दाराशी आत येऊन उभा राहिला, आणि फेर त्याच्यासमोरून जायला लागला. आमच्याकडे फेरात कुणीही कुठेही शिरू शकतं. दोघांच्या धरलेल्या हातांवर हात ठेवायचा, ते मोकळे होतात, आणि नाही म्हणायची मुभा कुणालाच नाही. त्याच्यासमोरून जाताना प्रत्येकाने हात जरासे सैल केले. तो शिरला नाही. बंदरावरची पोरं गेली, शाळेची बाई गेली, तुम्मास गेला. मला वाटलं, हा नुसता बघायला आलाय. बघेल आणि जाईल. सोमवारी त्याच्या होडीघरात जाऊन काय काय बोलायचं ते मी गाता गाता मनात जुळवत होते, आणि त्यातला एकही शब्द चर्चमध्ये वाचण्यासारखा नव्हता.

मग आम्ही त्याच्यासमोर आलो. त्याने पुढे होऊन माझ्या आणि रानवाच्या हातांवर आपला हात ठेवला.

मी लगेच सोडलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही सोडलं नसतं. पण रीत ती रीत. मी हात उघडला आणि तो आमच्यामध्ये आला. त्याचा तळवा गार आणि ओला होता. मी तो सगळी ताकद लावून आवळला, माशांवर कमावलेली ताकद आहे माझ्या बोटांत. त्याने तो सोडवला नाही. रानवा त्याच्या उजव्या हाताला होती, नेहमीसारखी. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, कारण ती कडव्याच्या मध्यावर होती, पण तिचा आवाज कापला ते मला ऐकू आलं.

कडवं संपलं. पुढचं उचलायला तिने श्वास घेतला. आणि हायनी, ज्याने चाळीस वर्षं तिच्याकडून शब्द घेतला होता, तो तिच्या कानाशी वाकला आणि मदत म्हणून कुजबुजला, "शीड..."

रानवाचे खांदे हलायला लागले. मग हसू आलं. त्या हसण्यात तिचे गाल भिजत होते आणि पाय दणकत होते. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अरे हायनी, कसलं शीड? नवरी कधीच घरात आली. तू पाय हलव."

हायनीने पाय हलवले.